अपुऱ्या दिवसांचे मूल आणि दुसरी तपासणी



आम्ही वैद्य नव्हे. शाळा चौथीतच सुटली. मजूरसंघटनेच्या कामात जे वाचावे लागले, डॉक्टरांना विचारून घ्यावे लागले, तेवढ्याच बळावर बोलत आहोत.

आष्टी-परतूर भागातील जोडपी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, हे तुम्हांस सांगणे नको. आमच्या संघटनेतील एका भगिनीला मोळ्या वाहताना सातव्या महिन्यातच कळा आल्या. मूल जन्मले ते धापा टाकीतच. फुप्फुसे उघडी राहावीत म्हणून आतून जो निसरडा लेप लागतो, तो अशा मुलांत पुरता तयार झालेला नसतो. काचेच्या पेटीत ठेवून डॉक्टरांनी मूल जगविले. तिसऱ्या दिवशी टाचेतून रक्त घेऊन गळ्यातील थायरॉइड ग्रंथीची तपासणी केली. निकाल आला, ठीक आहे.

येथेच घोटाळा होतो. या ग्रंथीचा रस कमी पडला तर मेंदूची वाढ खुंटते. ग्रंथीवर मेंदूच्या तळाशी एक मुकादम बसलेला असतो. पुऱ्या दिवसांचे मूल जन्मताच अर्ध्या तासात तो मोठी हाक देतो आणि ग्रंथी कामाला लागते. ग्रंथी नादुरुस्त असेल तर तो ओरडतच राहतो. तपासणीत सापडते ते हे ओरडणे. पण अपुऱ्या दिवसांच्या मुलात मुकादमच अजून वयात आलेला नसतो. त्यात श्वासाचा त्रास, आणि रक्तदाब सावरण्यासाठी दिलेले डोपामिनसारखे औषध. त्याचा आवाज आणखी बसतो. ग्रंथी खरोखर बिघडलेली असूनही कागदावर सारे ठीक दिसते.

मग सरसकट सगळ्यांना गोळी का देऊ नये? हा प्रश्न आम्हीही विचारला. बहुतेकांचा रस काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. हॉलंडमधील डॉक्टरांनी ३० आठवड्यांच्या आत जन्मलेल्या २०० बालकांवर हा प्रयोग करून १९९७ साली निकाल छापला. सरसकट देण्याचा एकंदर लाभ दोन वर्षांनी दिसला नाही. तेव्हा उपाय एकच, दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासणे.

आमच्या त्या भगिनीला तारीख सांगितली होती. पण तोपर्यंत टोळी पुढच्या फडावर गेली होती, अंगावर उचल होती, खाडा केला तर पैसे कापले जाणार होते. मूल सुस्त पडू लागले, दूध ओढीना, तेव्हा तिसऱ्या महिन्यात दवाखाना गाठला. गोळी काही रुपयांची. चुरून आईच्या दुधातून द्यायची. मूल आज चालते, पण बोलणे मागे राहिले आहे.

१९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्याने अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणातून आलेल्या आजारासाठी एक महिन्यापर्यंत जादा पगारी रजा लिहून ठेवली होती. तो कायदा गिरणी-कारखान्यांच्या हजेरीपटावरच्या बाईला उपयोगी पडला. फडातल्या बाईचे नावच हजेरीत नसते, कोयता नवऱ्याच्या नावाने मोजतात! म्हणून पुढच्या करारात आम्ही एवढेच कलम मागणार आहोत: दुसऱ्या तपासणीच्या दिवसाचा खाडा धरू नये, आणि जाण्यायेण्याचे भाडे मिळावे. तुमच्या घरची सून किंवा लेक अशा मुलासह घरी आली असेल, तर दवाखान्याच्या कागदावर दुसरी तारीख आहे की नाही ते आज रात्रीच पाहा. नसेल तर उद्या जाऊन लिहून आणा.