हंसाला कोणी विचारले?

(हीरकमहोत्सवी वर्षानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



अशा प्रसंगी मुख्याध्यापिकेने निकालांविषयी, नव्या प्रयोगशाळेविषयी आणि देणगीदारांच्या औदार्याविषयी बोलावे, असा संकेत आहे. ते सर्व कार्यवाहांच्या अहवालात सविस्तर आले आहे आणि त्यात भर घालण्यासारखे माझ्याजवळ काही नाही. आज मला एका पत्राला उत्तर द्यावयाचे आहे. पत्र एका पालकांचे आहे. ते सभागृहात उपस्थित आहेत आणि या विषयावर जाहीरपणे बोलण्यास त्यांनी मोकळेपणाने संमती दिली आहे, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

यंदा सातवीच्या हस्तलिखितासाठी आम्ही मुलांना एक विषय दिला होता. गोष्ट जुनी, परंपरेने आलेली असावी आणि ती तीतल्याच एखाद्या प्राण्याने सांगावी. साहसकथा म्हणून ती वाचनीय व्हावी, एवढीच अपेक्षा होती. मुलांनी आपापले सांगणारे निवडले. कोणी सिंहगडाची घोरपड घेतली, कोणी जटायू, कोणी सेतूवरची खार. एका विद्यार्थिनीने सिद्धार्थाच्या गोष्टीतला हंस घेतला आणि पत्र आले ते प्रामुख्याने या हंसामुळे. पालकांचे आक्षेप दोन आहेत. पूर्वजांनी जपलेल्या कथा मुलांनी अशा मोडून पुन्हा जोडाव्यात काय, हा पहिला. बारा-तेरा वर्षांच्या मुलांनी बोलणाऱ्या पशुपक्ष्यांत किती दिवस रमावे, त्याऐवजी शनिवारचा वाचनतास शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीला का देऊ नये, हा दुसरा. दोन्ही प्रश्न गंभीर आहेत. अनेक घरांत ते मनातल्या मनात विचारले जात असतील. या पालकांनी ते लिहून पाठविले.

आधी हंसाची गोष्ट. बाणाने विद्ध झालेला हंस सिद्धार्थासमोर पडतो, तो त्याची शुश्रूषा करतो, बाण मारणारा देवदत्त हंसावर हक्क सांगतो, वाद न्यायसभेत जातो आणि मारणाऱ्यापेक्षा वाचविणाऱ्याचा अधिकार मोठा ठरतो. ही कथा आपणां सर्वांना ठाऊक आहे. आमच्या विद्यार्थिनीचा हंस मात्र न्यायसभेतून बाहेर आल्यावर म्हणतो की, मी कोणाचा यावर दिवसभर चर्चा झाली, पण मला कोठे जायचे आहे हे कोणी विचारले नाही. त्याचा थवा उत्तरेकडे निघून गेला आहे. पंख पुरता बरा झालेला नाही. तेथून तिची साहसकथा सुरू होते: रात्रीचे उड्डाण, कोल्ह्यांनी वेढलेले तळे, हिमालयाच्या पायथ्याचे धुके. आमच्या विज्ञानाच्या शिक्षकांनी तिला डोक्यावर दोन काळे पट्टे असलेल्या पट्टकदंब हंसांची माहिती दिली होती. हे पक्षी हिमालय ओलांडून येतात आणि हिवाळ्यात आपल्या जायकवाडीच्या जलाशयावरही उतरतात. तिने तो तपशील इतका नेमका वापरला आहे की, थव्यात मागे पडलेल्या पक्ष्याची धाप वाचताना जाणवते.

‘सिद्धार्थाची करुणा यात झाकोळते’ असे पत्रात म्हटले आहे. याला उत्तर देताना मला चिरगाँवला जावे लागते.

माझे माहेर झाशीचे. मराठेशाहीच्या काळापासून तेथे राहिलेली मराठी कुटुंबे आहेत. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि गल्लीत बुंदेली, अशी आमची भाषेची वाटणी होती. झाशीच्या किल्ल्यावर राणीने घोड्यासह उडी घेतल्याची जागा दाखवितात. तेथे उभे राहिलेले प्रत्येक मूल पहिला प्रश्न विचारते तो राणीविषयी नव्हे, घोड्याचे पुढे काय झाले हा. आणि मोठी माणसे बहुधा विषय बदलतात. या झाशीपासून कानपूरच्या रस्त्याने सुमारे तीस किलोमीटरवर चिरगाँव आहे. हिंदीचे राष्ट्रकवी मैथिलीशरण गुप्त यांचा जन्म 1886 साली तेथला. पुढे त्यांच्या पुस्तकांवर ‘साहित्य-सदन, चिरगाँव (झाँसी)’ ही मोहोर असे. एका लहानशा गावाचे नाव त्यामुळे हिंदी प्रदेशातल्या घराघरांत पोहोचले.

गुप्तांनी आयुष्यभर जुन्याच कथा सांगितल्या. पण सांगताना ते आधी एक प्रश्न विचारीत, या कथेत कोणाकडे कोणी पाहिले नाही? ‘सरस्वती’चे संपादक महावीरप्रसाद द्विवेदी यांनी 1908 साली एक लेख लिहून कवींनी ऊर्मिलेची उपेक्षा केल्याची तक्रार मांडली होती. हे द्विवेदी संपादक होण्यापूर्वी झाशीलाच रेल्वेत नोकरीला होते आणि त्यांना मराठीही उत्तम येत असे. त्या तक्रारीतून गुप्तांचे ‘साकेत’ उभे राहिले. ते 1931 साली प्रसिद्ध झाले. रामकथा तीच, पण वनवासाची चौदा वर्षे अयोध्येत मागे राहिलेल्या ऊर्मिलेबरोबर काढलेली. त्यापाठोपाठ आली ‘यशोधरा’, आणि तीत हा हंस आहे.

ते प्रकरण हिंदी शाळांत पिढ्यान्‌पिढ्या पाठ्यपुस्तकातून शिकविले गेले, मीही शिकले. राहुल आईजवळ गोष्टीचा हट्ट धरतो. यशोधरा त्याला त्याच्याच पित्याची गोष्ट सांगते, सकाळची बाग, फुले आणि अकस्मात समोर कोसळलेला पक्षी. येथे कवीने केलेले दोन बदल पाहण्यासारखे आहेत. देवदत्ताचे नाव त्यांनी काढून टाकले आहे. हक्क सांगायला येतो तो केवळ एक शिकारी. वैर गेले, प्रश्न तेवढा राहिला. दुसरा बदल अधिक मोठा आहे. गोष्ट न्यायसभेपर्यंत येते आणि यशोधरा थांबते. राजाने काय निकाल दिला हे ती सांगत नाही. निकाल तू दे, असे ती मुलाला म्हणते. ज्याचा पिता घर सोडून गेला आहे असे ते मूल. त्याला निर्भयपणे बोलण्यास सांगून आई त्याचे ऐकत बसते.

कोणी गुप्तांना विचारले नाही की, आपण परंपरा का मोडली? ते स्वतः परम वैष्णव होते. रामावरची त्यांची भक्ती त्यांच्या प्रत्येक ग्रंथात दिसते. जुन्या कथेवर ज्याचे प्रेम असते तोच तिच्या कोपऱ्यांत दिवा घेऊन फिरतो, असे मला वाटते. आमच्या विद्यार्थिनीने फार तर एक पाऊल पुढे टाकले आहे. कवीने निकाल मुलावर सोपविला, मुलीने पक्ष्यावर. सिद्धार्थ तिच्या कथेत शेवटी काय करतो? तो हंसाला तळ्यापर्यंत नेतो आणि हात उघडतो. यात करुणा झाकोळली असे मला तरी दिसत नाही.

आता दुसरा आक्षेप, प्राण्यांच्या गोष्टी लहानांच्या असल्याचा. हा समज आपण पाठ्यपुस्तकांनी पक्का केला आहे. आपल्याकडे गोष्टीचे दहा ओळींत मटेरियल करावयाचे आणि खाली ठळक अक्षरांत ‘तात्पर्य’ लिहावयाचे, अशी पद्धत पडली. (मटेरियल हा शब्द सभेला शोभणारा नाही, क्षमस्व, पण शिक्षकांच्या खोलीत तोच वापरतात.) पंचतंत्र मूळ ग्रंथात कसे आहे? महिलारोप्य नगरीच्या अमरशक्ती राजाचे तीन मंदबुद्धी पुत्र सहा महिन्यांत राजनीतीत तयार करण्याची प्रतिज्ञा विष्णुशर्मा करतो. उद्या राज्य चालवावयाचे असलेल्या मुलांसाठी ही पुस्तिका आहे. पहिल्याच तंत्रात पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांची मैत्री दमनक कोल्हा कानाशी लागून फोडतो. शेवटी बैल मारला जातो, सिंह शोक करतो आणि दमनकाचे काही बिघडत नाही. हे वाचून सातवीच्या एका मुलाने विचारले होते, ‘बाई, म्हणजे खोटे बोलणाऱ्याचा फायदाच झाला?’ त्या प्रश्नावर आमचा तास संपला आणि पुढचाही गेला. तात्पर्य छापलेले असते तर तो प्रश्न आलाच नसता.

या कथांनी केवढा प्रवास केला ते पाहा. सहाव्या शतकात बुर्जोय नावाच्या वैद्याने त्या इराणच्या बादशहासाठी पहलवी भाषेत नेल्या. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने त्या अरबीत आणल्या आणि आपले करटक-दमनक ‘कलीला व दिम्ना’ होऊन युरोपापर्यंत गेले. उलट दिशेने इसापही आपल्याकडे आला. तंजावरच्या सरफोजी राजांनी 1806 साली आपल्या छापखान्यात ‘बालबोध मुक्तावली’ छापविली. ती इसापाच्या कथांचे मराठी भाषांतर होती. मराठीत छापल्या गेलेल्या अगदी आरंभीच्या पुस्तकांपैकी ते एक, आणि त्यात बोलतात ते पशुपक्षी.

मराठीत तर ही रीत छापखान्याच्या कितीतरी आधीची आहे. चिऊचे घर मेणाचे आणि काऊचे शेणाचे ही गोष्ट आपण कडेवरच्या मुलाला सांगतो. तिचे जुने रूप तेराव्या शतकातल्या ‘लीळाचरित्रा’त आहे, ती सांगणारे चक्रधरस्वामी आहेत. म्हणजे ज्या गोष्टीने आपण घास भरवितो ती मराठी गद्याच्या पहिल्या ग्रंथाइतकी जुनी आहे.

गेल्या डिसेंबरात सातवीची सहल अजिंठ्याला गेली होती. दहाव्या आणि सतराव्या लेण्यात षड्‌दंत जातकाची चित्रे आहेत. सहा सुळ्यांचा गजराज. मत्सराने मेलेली त्याची एक हत्तीण पुढच्या जन्मी काशीची राणी होते आणि त्याचे सुळे आणण्यासाठी व्याध पाठविते. सात वर्षांची ती वाट, अरण्ये, डोंगर, खणलेला खड्डा. आजच्या कोणत्याही साहसकथेला हेवा वाटावा असा मजकूर आहे तो. बाण लागल्यावर हत्ती व्याधाला चिरडू शकतो, पण त्याच्या अंगावरचे काषाय वस्त्र पाहून थांबतो. व्याधाला सुळे कापता येईनात तेव्हा स्वतः करवत सोंडेत धरतो. सुळे समोर आल्यावर राणीचे हृदय फुटते. आमची नेहमी गोंगाट करणारी मुले त्या अंधाऱ्या लेण्यात गप्प उभी होती. दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी ही कथा भिंतीवर काढली ती लहान मुलांचे मन रमविण्यासाठी नव्हे. मराठीत या कथा वाचावयाच्या असतील तर चिं. वि. जोशी यांची ‘जातकांतील निवडक गोष्टी’ आहेत. चिमणरावांचे जनक पालीचे गाढे अभ्यासक होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. दुर्गाबाई भागवतांचे ‘सिद्धार्थ जातक’ आमच्या ग्रंथालयात सातही खंडांत आहे. माणसाचे कपडे न घातलेले, खरे प्राणी हवे असतील तर थोरल्या मुलांनी व्यंकटेश माडगूळकरांचे ‘सत्तांतर’ वाचावे. वानरांच्या टोळ्यांची ती कहाणी वाचून वर्तमानपत्र अधिक समजू लागते.

पत्रातला एक मुद्दा मात्र मला पूर्णपणे मान्य आहे. दंतकथा, इतिहास आणि कल्पना यांची सरमिसळ मुलांच्या मनात होऊ नये. सिंहगडाची घोरपड हे त्याचे चांगले उदाहरण. 1670 च्या फेब्रुवारीत तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला आणि तेथेच देह ठेवला, हा इतिहास. राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिलेल्या सभासद बखरीत मावळे कड्यावरून वानरांसारखे चढल्याचे वर्णन आहे, घोरपड नाही. यशवंती येते ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात, आणि ती कड्यावरून माघारी फिरते तेव्हा तानाजी तिच्यावर संतापतो. आमच्या विद्यार्थ्याने नेमके ते माघारी फिरणेच कथेचे केंद्र केले आहे. वर काय आहे हे त्या रात्री फक्त घोरपडीने पाहिले होते. ती परतली, पण तिची भाषा कोणाला कळली नाही.

म्हणून आम्ही या वर्षीपासून एक नियम केला आहे. प्रत्येक कथेखाली लेखकाने चार ओळी लिहावयाच्या: इतिहासात काय सापडते, लोककथेत काय आहे आणि माझे स्वतःचे काय. या चार ओळींसाठी मुलांना ग्रंथालयात जी शोधाशोध करावी लागली, ती मूळ कथेपेक्षा अधिक होती. पत्र लिहिणाऱ्या पालकांच्या चिरंजीवांनी जटायूची कथा लिहिली आहे. ‘रावणाचा रथ मोडला हे रामायणात आहे, पण जटायूला आपण म्हातारे झाल्याची लाज वाटली हे मी घातले,’ असे त्याने खाली प्रामाणिकपणे नोंदविले आहे. हे वाक्य मी त्याच्या वडिलांना दाखविले, तेव्हा त्यांनी वही बराच वेळ हातात धरली होती.

शनिवारचा वाचनतास, शाळा समितीच्या संमतीने, आहे तसाच राहील. शिष्यवृत्तीचे वर्ग शाळेच्या वेळेनंतर चार दिवस घेतले जातील. त्यासाठी दोन माजी विद्यार्थ्यांनी आपण होऊन नाव दिले आहे. हस्तलिखित मागच्या टेबलावर ठेवले आहे. शेवटची बारा पाने मुद्दाम कोरी सोडली आहेत. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणाच्या गावात एखाद्या देवळातल्या नागाची, गढीवरच्या घोड्याची, विहिरीतल्या कासवाची गोष्ट सांगत असतील, तर ती तेथे लिहून जावी. वऱ्हाडीत, मालवणीत, अहिराणीत, जशी आजीने सांगितली तशी. खाली चार ओळींचा नियम आपल्यालाही लागू आहे. पेन दोरीने बांधून ठेवले आहे, कारण पहिले दोन्ही दुपारच्या चहापूर्वीच नाहीसे झाले.