जुनी तबकडी घ्यावी की नाही?

केनवडहून बोलतोय. मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, जुनी रेकॉर्ड विकत घेताना पाहायचं काय? तर गेल्या आठवड्यातलीच गोष्ट सांगतो.

रिसोडला एका काकांकडे बालगंधर्वांची तबकडी होती. किंमत चार हजार. म्हणजे जवळपास एक क्विंटल सोयाबीन! काका म्हणाले, "व्हायनल आहे, दुर्मिळ आहे."

पहिली गोष्ट, ती व्हायनल नव्हतीच. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या आपल्याकडच्या जुन्या तबकड्या लाखेच्या असतात. जड, पण पडली की खापरासारखी फुटते. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं गाणं. व्हायनलची एलपी नंतर आली. तिचे फेरे 33, खाचा फार बारीक. चावीच्या ग्रामोफोनची पोलादी सुई तिच्यावर ठेवली की एलपी संपलीच समजा. म्हणून आधी स्वतःला विचारा, आपल्याकडे वाजवायला काय आहे?

दुसरी गोष्ट, वाजवून पाहिल्याशिवाय पैसे काढू नका. काकांकडे यंत्र नव्हतं. मी माझा ग्रामोफोन मोटारसायकलला बांधून नेला. सुई ठेवली. आवाज आला, काय सांगू! पण प्रत्येक फेऱ्याला टक्... टक्... तिरप्या उजेडात धरली, तर कडेपासून आत गेलेली केसाएवढी चीर दिसली. ओरखडा असता तर चाललं असतं. चीर मात्र वाजवता वाजवता वाढत जाते.

तिसरी गोष्ट, दुर्मिळ काय आहे? बालगंधर्वांचा आवाज आज मोबाईलवर फुकट ऐकता येतो. चार हजार द्यायचे ते वस्तूचे. आणि नुसतं कुत्र्याचं चित्र दिसलं म्हणून रेकॉर्ड दुर्मिळ होत नाही. एचएमव्हीनं अशा कितीतरी काढल्या. लेबलवरचा क्रमांक लिहून घ्या, जाणकार संग्राहकाला विचारा, मग बोला.

मन होत होतं, खोटं कशाला बोलू. पण घेतली नाही. काकांना चीर दाखवली. त्यांना ती माहीतच नव्हती, बिचारे हिरमुसले. निघताना एवढंच सांगितलं, "काका, स्पिरिटनं पुसू नका, लाख विरघळते. आडव्या एकावर एक रचू नका, उभ्या ठेवा."

परवा त्यांचा फोन आला. तबकडी ते विकणार नाहीत. म्हणाले, "पुढच्या वेळी येताना तुमचं यंत्र आणा. दुसऱ्याही आहेत, ऐकू तरी."

जाणार आहे. भेटू पुढच्या भागात.