डॉ. कमल रणदिवे आणि कुळाचा रोग

(हरिशंकरपुरम, ग्वाल्हेर येथील व्याख्यान)



मांढरे मातेच्या मंदिराजवळच्या टेकडीला ग्वाल्हेरात ‘कॅन्सर पहाडिया’ म्हणतात. रुग्णालय रोग बरा करण्यासाठी उभारले गेले, नाव मात्र रोगाचेच रूढ झाले! घरात तर हा शब्द अजून कुजबुजीतच उच्चारला जातो, विशेषतः मुलीचे लग्न ठरत असताना. आईला स्तनाचा कर्करोग झाला होता, हे सांगावे की झाकावे? या भयामागचा आनुवंशिकतेचा प्रश्न एका मराठी विदुषीने आयुष्यभर प्रयोगशाळेत तपासला.

कमल समर्थ यांचा जन्म पुण्याचा, ८ नोव्हेंबर १९१७ चा. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक. मुलीने डॉक्टर व्हावे ही त्यांची इच्छा. मुलीने सीताफळाच्या कुळातील वनस्पतींची गुणसूत्रे अभ्यासली. विवाहानंतर त्या मुंबईस आल्या आणि डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली. पुढे बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे पेशीसंवर्धनाचे तंत्र शिकून त्या परतल्या आणि मुंबईत भारतातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी राहिली. संधी परदेशात होती, काम इथे होते.

त्यांचे प्रयोग उंदरांवरचे. उंदरांच्या काही वाणांत बहुतेक माद्यांना स्तनाच्या गाठी होतात, काहींत क्वचितच. वरवर पाहता हा रक्ताचाच दोष. परंतु अमेरिकेत जॉन बिटनर यांनी १९३६ मध्ये दाखवले होते, की रोगप्रवण मादीची पिले जन्मतःच दुसऱ्या वाणाच्या मादीला पाजायला दिली, तर गाठींचे प्रमाण घटते. दुधातून एक विषाणू जात होता! म्हणजे जे वारशाने आले असे वाटले, त्यातले काही दुधातून आले होते. आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा परस्परसंबंध उलगडणे हे कमलताईंच्या संशोधनाचे सूत्र होते. (उंदरांचा हा विषाणू माणसालाही बाधतो असे सिद्ध झालेले नाही, मातांनी निःशंक असावे.) गौरवाच्या भरात आनुवंशिकतेचे सारे श्रेय त्यांनाच दिले जाते, ते मात्र बरोबर नाही. फ्रान्सच्या पॉल ब्रोका यांनी १८६६ मध्येच आपल्या पत्नीच्या घराण्यातील असे रुग्ण नोंदवले होते.

मानवातील संबंधित जनुकाचा ठाव मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये सतराव्या गुणसूत्रावर लावला. १९९४ मध्ये ते जनुक हाती आले. त्यातून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. स्तनाच्या कर्करोगापैकी जेमतेम ५ ते १० टक्केच असा वारशाने येतो. आणि सदोष जनुक बापाकडूनही तितकेच येऊ शकते. मुलीच्या आजोळाकडे बोट दाखवणाऱ्यांनी हे दुसरे विधान पुन्हा वाचावे. जनुकातील त्याच उणिवेचा फायदा घेऊन कर्कपेशी मारणारी औषधेही आता निघाली आहेत.

१९६६ ते १९७० या काळात भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची धुरा कमलताईंनी वाहिली. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता, १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतर त्या तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, राजूर परिसरात, आदिवासी मुलांच्या पोषणाच्या नोंदी घेत आणि तेथील स्त्रियांना आरोग्यशिक्षण देत राहिल्या. ११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले.