यादीतले सभासद आणि आपलेपण
(अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)

सभासदांच्या यादीत नाव असणे आणि संघटना आपली वाटणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आज एकेका कार्यकर्त्याचे नाव व्हॉट्सॲपच्या दहा-दहा गटांत असते. त्यांपैकी किती गटांविषयी त्याला जिव्हाळा वाटतो?

या दृष्टीने मराठी विकिपीडिया विचार करण्याजोगा आहे. १ मे २००३ रोजी तो सुरू झाला. तेथे लिहिणाऱ्याला वेतन नाही, लेखाच्या शिरोभागी त्याचे नाव नाही. तरीही माणसे तेथे वर्षानुवर्षे राबतात. कारण तेथे वाचकाच्याच हाती लेखणी दिलेली आहे. एखाद्याने स्वतःच्या तालुक्यावरील लेखातली चूक सुधारली, तर त्या सुधारणेची नोंद लेखाच्या इतिहासात कायम राहते. मतभेद झाल्यास चर्चेचे पान आहे; सर्वांच्या प्रश्नांसाठी ‘चावडी’ आहे. श्रम, श्रमाची नोंद आणि बोलण्याचा हक्क या तिहींतून आपलेपण निपजते.

परंतु चावडी म्हटली की जुना अन्यायही आठवला पाहिजे. गाव ज्यांच्या श्रमांवर चाले, त्या अस्पृश्य मानलेल्यांना चावडीवर बरोबरीने बसता येत नसे. नव्या माध्यमांतही जुने-नवे असा भेद शिरतो. इंग्रजी विकिपीडियाच्या नियमित संपादकांची संख्या २००७ नंतर काही वर्षे घटत गेली. नवागतांनी सद्‌हेतूने केलेले लेखन यंत्रवत पुसले जाणे, हे त्याचे एक कारण अभ्यासकांनी नोंदवले आहे. दार उघडे होते. आत आलेल्याची कदर मात्र होत नव्हती.

केवळ गटचालकांनीच संदेश पाठवावेत, अशी सोय व्हॉट्सॲपने २०१८ साली आणली. तिने गोंगाट थांबतो, हे खरे. अफवा आणि शिवीगाळ यांना आवर घालणे आवश्यकच आहे. परंतु समतेची भाषा बोलणाऱ्या पक्षाने कार्यकर्त्यांच्या गटात हे कुलूप कायमचे लावले, तर वरून आदेश आणि खालून मौन, हीच व्यवस्था तेथे नांदेल. असा कार्यकर्ता एक दिवस मुकाट्याने निघून जातो आणि तो गेल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

म्हणून प्रत्येक नव्या सभासदाला निश्चित काम द्यावे, त्याच्या आक्षेपाला सकारण उत्तर द्यावे आणि निर्णयापूर्वी त्याचे मत घ्यावे. संघटना त्याची आहे, हे त्याला मग सांगावे लागणार नाही.