पहिलं अंडं जिथं, पुढची सगळी तिथंच

मगरपट्ट्याच्या सिग्नलला अडकला असाल, बसमध्ये खिडकीची जागा मिळाली असेल किंवा घरी भांडी घासता घासता ऐकत असाल, सगळ्यांचं स्वागत. मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी व्हॉइस नोट पाठवून विचारलं, "ताई, तुमच्या कोंबड्यांचं पुढे काय झालं?" तर आजचा भाग त्यावरच.

माझ्या सहा तलंगा आता अठराव्या आठवड्यात आहेत. तलंग म्हणजे पिल्लू नाही आणि अजून अंड्यावर आलेली कोंबडीही नाही, अशी मधल्या वयाची मादी. हा शब्द मला आजीने शिकवला. मला वाटायचं, हा तिच्या मावळातल्या माहेरचाच शब्द असेल. पण आपल्या पशुसंवर्धन विभागाच्या योजनेतही हाच शब्द आहे बरं का. २५ तलंगा आणि ३ नर असा गट, ५० टक्के अनुदानावर.

आम्ही मुंढव्याच्या जुन्या गावठाणात राहतो. घरामागे दहा बाय बारा फुटांची जागा, एक पेरूचं झाड, आणि त्याखाली खुराडं. आज सांगणार आहे ते या खुराड्यातल्या पेट्यांबद्दल. कोंबडी अंडं घालायला जिथं बसते ती पेटी. ऐकायला किरकोळ वाटतं ना? मलाही वाटलं होतं. म्हणून आधी गेल्या वर्षीची गोष्ट सांगते.

गेल्या वर्षी पाच तलंगा होत्या. माझी शिफ्ट संध्याकाळची, घरी यायला रात्रीचे बारा. आजी रोज सांगायची, "अगं, पेटी कर. त्यांना जागा दाखव आधी, मग अंडं माग." मी म्हणायचे, "आजी, पहिलं अंडं तर येऊ दे, मग रविवारी करते." असे तीन रविवार गेले. पहिलं अंडं कधी आलं ते आम्हाला कळलंच नाही. पाण्याच्या टाकीमागे, भिंतीला लागून एक अंधारी बोळ आहे. एक दिवस तिथे टॉर्च मारला तर फरशीवर नऊ अंडी! खाली गवताची काडी नाही. दोन फुटलेली, आणि आमची लाली त्यातलं पिवळं चोचीने खात होती.

कोंबडीला एकदा अंड्याची चव लागली की ती मुद्दाम फोडून खायला शिकते, आणि एकीचं बघून दुसरी शिकते. आठवडाभरात तिघी खायला लागल्या. बाकीच्या दोघी थांबल्या, पण लाली काही थांबेना. शेवटी मी तिला गावी मामाकडे पाठवलं. तिथे तिचं काय झालं हे मी विचारलं नाही आणि मामानेही सांगितलं नाही. आजी एवढंच म्हणाली, "तिचं काय चुकलं गं?" तिचं काहीच चुकलं नव्हतं. तिला अंधारी, आडोशाची जागा हवी होती. मी दिली नाही, तिने तिची शोधली.

आजच्या भागातलं एवढंच लक्षात ठेवलंत तरी चालेल: पहिलं अंडं जिथं पडतं, पुढची अंडी बहुतेक तिथंच पडतात. म्हणून पेटी अंड्याच्या आधी लागते, नंतर नाही.

असं का? आपल्या कोंबडीचा मूळ पूर्वज म्हणजे तांबडी रानकोंबडी. आपल्या सह्याद्रीत दिसते ती करडी, ती तिची चुलत बहीण म्हणा. दोघीही झुडपाखाली, जमिनीवर, पानांच्या आडोशाला खळगा करून अंडी घालतात. हजारो वर्षं माणसाच्या अंगणात राहूनही कोंबडी हे विसरलेली नाही. अंडं यायच्या तासभर आधी ती बेचैन होते, येरझाऱ्या घालते, कोपरे हुंगल्यासारखं करते, कुरकुरते. घर शोधत असते ती.

गंमत बघा, देशातल्या अंडी व्यवसायाची बरीच सूत्रं आपल्या पुण्यातून हलतात. डॉ. बी. व्ही. राव यांनी उभ्या केलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीजचं मुख्यालय सिंहगड रोडला, आणि त्यांच्याच पुढाकाराने १९८२ मध्ये सुरू झालेली, अंड्याचे दर जाहीर करणारी एनईसीसी, तीही पुण्यातलीच. पण भुर्जीच्या गाडीवर आपण खातो ते पांढरं अंडं बहुतेक वेळा पिंजऱ्यातल्या कोंबडीचं असतं. पिंजऱ्याचा तळ म्हणजे उतरती जाळी. अंडं पडलं की घरंगळत पुढे येतं. गोळा करायला सोपं, आणि त्यामुळेच अंडं आपल्याला परवडतं, हेही खरं. पण तिथे आडोसा नसतो. ती बेचैनी संशोधकांनी तपासली, आणि युरोपियन युनियनने १९९९ मध्ये नियम करून १ जानेवारी २०१२ पासून असे साधे पिंजरे बंद केले. आता तिथे पिंजरा ठेवायचा तर अंडं घालायला आडोसा आणि बसायला दांडी द्यावीच लागते. आजीला हे वाचून दाखवलं तर म्हणाली, "एवढं कळायला त्यांना कायदा लागला होय!"

बरं, आता कामाचं.

कधी करायची पेटी? सोळाव्या आठवड्यापासून मनावर घ्या. अंड्यासाठी तयार केलेल्या जाती अठरा ते वीस आठवड्यांत अंड्यावर येतात, गावरान कोंबडीला सहा महिनेही लागतात. खुणा ओळखा. तुरा मोठा आणि लालबुंद होतो. पाठीवर हात ठेवला की ती पंख थोडे पसरून खाली दबून बसते. कोपऱ्याकोपऱ्यांत डोकवायला लागते. तुरा फिका असेल तर अजून वेळ आहे.

किती पेट्या? चार-पाच कोंबड्यांना एक. माझ्या सहा जणींना दोन. तरी सांगते, सगळ्या एकाच पेटीसाठी रांग लावतील, दुसरी रिकामी राहील. आपल्याकडे नाही का, दोन एटीएम असले तरी गर्दी एकाच ठिकाणी!

माप? लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी एक फूट. गिरीराजसारखी भारी जात असेल तर चौदा इंच. फार मोठी करू नका, दोघी एकदम घुसतात आणि अंडी फुटतात. मी फळांच्या लाकडी पेट्या वापरल्या. घरी आणून आधी सगळे खिळे चाचपले, वर आलेले ठोकून बसवले, कडा पॉलिश पेपरने घासल्या. पुढच्या बाजूला खाली चार-पाच इंचांची पट्टी ठेवली, म्हणजे अंथरूण आणि अंडं बाहेर येत नाही.

कुठे ठेवायची? खुराड्याच्या सर्वांत अंधाऱ्या, शांत बाजूला, जमिनीपासून दीड-दोन फुटांवर. पुढे उडी मारून टेकायला एक दांडी. आता महत्त्वाचं: रात्री झोपायची दांडी पेटीपेक्षा उंच हवी. कोंबडी नेहमी सगळ्यात उंच जागी झोपते. पेटी उंच असेल तर ती तिथेच झोपणार, रात्रभर शिटणार, आणि सकाळचं अंडं त्या घाणीत. पेटीचं छपरही उतरतं करा, नाहीतर त्यावर मैफल भरते. अंड्यावर येईपर्यंत मी रात्री पेटीच्या तोंडाला फळी लावते आणि पहाटे काढते, कारण बहुतेक अंडी सकाळच्या वेळात येतात.

आत काय घालायचं? तीन इंच जाड अंथरूण. मावळातल्या नातेवाइकांकडून भाताच्या तुसाचं पोतं आणलंय, त्यावर थोडा पेंढा. पावसाळ्यात हात घालून बघत राहा. ओलसर लागलं की बदला, नाहीतर बुरशी धरते आणि किडे होतात.

आणि आजीची युक्ती: आत एक खोटं अंडं. ती नदीतला पांढरा गोटा ठेवायची, मी पिंगपाँगचा चेंडू ठेवलाय. तलंगेला वाटतं, इथे आधी कुणीतरी अंडं घातलंय, म्हणजे जागा सुरक्षित आहे. शिवाय त्यावर चोच मारली तरी फुटत नाही, चव लागत नाही.

खाण्याचं थोडक्यात. अंड्यावर आलेल्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम लागतं, वाढीच्या खाद्यात ते साधारण एक टक्का असतं. पण लवकर कोंबडी व्हावी म्हणून पिल्लांनाच ते खाद्य देऊ नका, मूत्रपिंडावर ताण येतो. पहिलं अंडं दिसायच्या सुमारास बदला, आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. जिला हवा ती खाईल. कवच पातळ राहिलं की अंडं फुटतं, आणि मग पुन्हा लालीची गोष्ट.

तरीही एखादं अंडं जमिनीवर पडलं तर लगेच उचला, तो कोपरा वीट ठेवून बंद करा, आणि कुणी तिथे बसायची तयारी करत असेल तर हळूच उचलून पेटीत ठेवा. पहिले दोन-तीन आठवडे हे नेटाने करायचं. अंडी दिवसातून दोनदा गोळा करायची.

आणि हो, दर वेळी येणारा प्रश्न: कोंबडा लागतो का? अंड्यासाठी नाही. पिल्लं हवी असतील तरच. पहाटे चारला शेजाऱ्यांना उठवायचं नसेल तर कोंबडा नकोच. सोसायटीत राहत असाल तर आधी परवानगीचं बघा, मग पेटीचं.

काल संध्याकाळी मी लवकर घरी होते. काळ्या पिसांच्या एकीच्या पाठीवर हात ठेवला तर ती मटकन खाली बसली. तुरा लाल झालाय. अंडं अजून नाही. आज सकाळी शिफ्टच्या आधी फळी काढायला गेले, तर आजी आधीच तिथे पाटावर बसलेली. आणि काळी पेटीच्या दांडीवर उभी राहून आत वाकून बघत होती. दोघींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच मध्ये कडमडले. मी फळी बाजूला ठेवली आणि पाय न वाजवता परत फिरले.

पुढच्या भागात भेटू. तोवर तुमच्या आजीने पेटीत काय ठेवलं होतं, गोटा की आणखी काही, ते घरी विचारा आणि व्हॉइस नोट पाठवा. नमस्कार!