रंगाचे वजन



छोटे विमान नवा रंग लावून हँगरबाहेर आले की मालक बघतो चकाकी आणि मेकॅनिक करतो वजनाचा हिशोब. पंखाच्या मागच्या कडेला बिजागरीवर हलणारा भाग म्हणजे एलेरॉन. शेपटीवर तसेच एलिव्हेटर आणि रडर. त्यांचा बहुतेक पत्रा बिजागरीच्या मागे असतो, म्हणून रंगाचा प्रत्येक हात मागची बाजूच जड करतो.

मग बिघडते काय? हवेच्या झटक्याने पंख वर उचलला जातो. मागे जड झालेला एलेरॉन त्याच्याबरोबर उठत नाही, खाली रेंगाळतो. एलेरॉन खाली म्हणजे पंखाला उचल जास्त. पंख आणखी वर. खाली येताना हेच उलटे. याला फ्लटर म्हणतात. वेग पुरेसा असला तर प्रत्येक हेलकावा आधीच्याहून मोठा होत जातो, आणि काय होतेय हे वैमानिकाला उमगेपर्यंत शेपूट तुटूनही जाऊ शकते. यावरचा इलाज 1923 साली नेदरलँड्समध्ये फॉन बाउमहाउअर आणि कोनिंग यांनी मांडला: बिजागरीच्या पुढे वजन लावा. एलेरॉनच्या पुढच्या कडेला शिसे असते ते यासाठी. वैमानिकाला दांडा हलका लागावा म्हणून नव्हे, जरी तसे सांगणारे भेटतात.

तपासणी साधी आहे, पण घाईची नाही. एलेरॉन उतरवायचा. दारे बंद, पंखा बंद. झुळकीनेही माप चुकते. बिजागरीच्या जागी तो दोन धारदार पट्ट्यांवर टेकवायचा. मागची कड झुकते. मग पुढच्या कडेला ठरलेल्या जागी पिशवी टांगून तीत शिशाचे छर्रे टाकत राहायचे, लेव्हलचा बुडबुडा मध्ये येईपर्यंत. छर्ऱ्यांचे वजन गुणिले बिजागरीपासूनचे अंतर, हे झाले उत्तर.

ते किती असावे, हे त्या त्या विमानाचे मॅन्युअल सांगते. अंदाज चालत नाही. अमेरिकेतल्या बीचक्राफ्ट बोनान्झाची इंग्रजी व्ही अक्षरासारखी शेपूट प्रसिद्ध आहे. तिचे मॅग्नेशियमचे दोन हलते भाग एलिव्हेटर आणि रडर, दोघांचेही काम करतात. त्यांची मर्यादा मागे जड, 16.8 ते 19.8 इंच-पौंड. म्हणजे सवलत अवघी 3 इंच-पौंडांची. बिजागरीपासून फूटभर मागे सव्वाशे ग्रॅम रंग चढला, तरी ती संपते.

माप जास्त आले की शिसे वाढवण्याचा मोह होतो. पण शिसे किती लावायचे यालाही मॅन्युअलमध्ये हद्द असते. जुन्या रंगावर नवा चढवणारा रंगारी स्वस्त पडतो खरा, पण मी त्याच्याकडून आधी जुना रंग खरवडूनच घेईन. खालची पाणी निथळायची भोके रंगाने बुजली नाहीत ना, तेही पाहायचे. आत साचलेले पाणीही वजनच. शेवटी ट्रिम टॅब, म्हणजे मागच्या कडेवरची छोटी हलती पट्टी, दोन बोटांत धरून हलवायचा. खटखट वाजला, तर आधी त्याची बिजागरी दुरुस्त करायची आणि मग विमानाच्या लॉगबुकात सही.