पळस : पाखराच्या चोचीचे फूल

दक्षिण आफ्रिकेत स्ट्रेलिट्झिया नावाची एक सदाहरित वनस्पती आहे. तुरा उभारून एखादे पाखरू मान वळवून बसावे, तसे तिचे निळे-नारिंगी फूल दिसते. १७७३ साली ती इंग्लंडातील क्यू उद्यानात आली आणि जोसेफ बँक्स यांनी राणी शार्लट हिच्या माहेरच्या घराण्याचे नाव तिला दिले. आज शहरांतील बागांतून हे परदेशी फूल कौतुकाने पाहिले जाते. परंतु पाखराचे रूप घेणारे फूल पाहण्यासाठी पांढुर्णा-सौंसरच्या रहिवाशास दूर जावयास नको. त्याच्या शिवारातच पळस आहे.

पळस सदाहरित नव्हे. किंबहुना, पाने झडल्यावरच त्याला बहर येतो. काळसर मखमली कळ्यांतून केशरी पाकळ्या उमलतात आणि त्यांतील एक पाकळी राघूच्या चोचीसारखी वळते. ‘हा पोपट तर नव्हे?’ असा प्रश्न पाहणाऱ्यास पडावा, म्हणून संस्कृतात त्यास ‘किंशुक’ म्हटले आहे. हे साम्य केवळ रूपापुरतेच नाही. आफ्रिकेतील फुलाप्रमाणे पळसाच्या फुलावरही पाखरे मधासाठी येतात आणि पराग वाहून नेतात.

या भागातील संसारात पळसाचा वाटा मोठा. त्याच्या पानांच्या पत्रावळी, मुळांच्या तंतूंचे दोर, फांद्यांवर लाख आणि फुलांचा होळीला रंग. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण मराठी मुलुखात सर्वत्र चालते, आणि येथेही चालते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. पण घरातील बोली व सणवार बदलले नाहीत. २०२३ मध्ये पांढुर्णा व सौंसर मिळून निराळा पांढुर्णा जिल्हा झाला.

याच पळसाशी पांढुर्ण्याची गोटमार निगडित आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. झेंडा मिळविण्यासाठी दोन्हीकडून दगडांचा वर्षाव होतो. शेवटी तो चंडीमातेच्या चरणी अर्पण करतात. नदी ओलांडून पळून जाणारे एक प्रेमी युगुल दोन्ही गावांच्या दगडांखाली मरण पावले, त्याची ही आठवण, असे लोक सांगतात.

ही कथा खरी मानली, तर तिचा बोध पश्चात्तापाचा आहे. प्रत्यक्षात मात्र वर्षानुवर्षे शेकडो माणसे जखमी होतात, काहींचे डोळे जातात, काहींचे प्राणही गेले आहेत. दगडांऐवजी रबरी चेंडू देण्याचा प्रयत्न प्रशासनाने करून पाहिला. तो रुजला नाही. परंपरा हुकुमाने मोडत नाही, हे खरे. परंतु झाड, झेंडा, देवीचे दर्शन आणि दोन गावांची चुरस हे सारे दगडावाचूनही राहू शकेल. तो निर्णय दोन्ही काठांवरील वडीलधाऱ्यांनीच घ्यावयाचा आहे.

पळसाचे झाड तोडले तरी त्याच्या बुंध्यातून पुन्हा धुमारे फुटतात, आणि काही वर्षांनी फाल्गुनात त्यांवर तीच केशरी पाखरे बसतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीवर गेलेला घरचा मुलगा परत आला नाही, तर त्या घराला असा फाल्गुन पुन्हा येत नाही.